स्टिरॉइड चालू आहे आणि केस गळताहेत? आधी तारखा मांडा, मग गोळीला दोष द्या

मेडिकलच्या काउंटरवर वायसोलोन नाहीतर मेड्रॉल ह्या स्टिरॉइड गोळ्यांची पट्टी ठेवली की बायका एक प्रश्न हमखास विचारतात, आणि पुरुष तोच प्रश्न दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसलं की हळूच विचारतात. "ह्यानं केस जातात म्हणे, खरं काय?" आमच्या बेळगावात हा प्रश्न तीन भाषांत येतो, उत्तर मात्र तिन्ही भाषांत लांबच आहे, म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून काढतोय. खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडचं चंदगड, कुठूनही वाचत असाल तरी उपयोगी पडेल. मी डॉक्टर नाही, औषधं विकणारा माणूस आहे, तेव्हा डोस ठरवायला हे वाचू नका, डॉक्टरकडे जाताना काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं ह्यासाठी वाचा.

पहिलं काम: तुमचं स्टिरॉइड कुठलं ते बघा

स्टिरॉइड म्हटलं की लोक सगळं एकाच पोत्यात घालतात. प्रत्यक्षात दोन वेगळी घराणी आहेत आणि केसांच्या बाबतीत दोघांचं वागणं एकदम वेगळं.

एक घराणं डॉक्टर लिहून देतात ते. दमा, सांधेवात, ल्युपस (शरीराची संरक्षण व्यवस्था स्वतःवरच उलटते तो आजार), किडनीतून प्रोटीन जाणं, अंगावर ॲलर्जी उठणं, आतड्याची सूज, अशा आजारांत. पट्टीवर बारीक अक्षरात प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन ह्यातलं एक नाव असतं. ही सगळी कॉर्टिसोल ह्या आपल्याच शरीरातल्या हार्मोनची भावंडं. त्यांची ताकद सारखी नाही. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट, म्हणजे जेमतेम पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. हे माहीत असावं, कारण "माझी तर अर्ध्या मिलिग्रॅमचीच गोळी आहे, बारीक आहे" असं म्हणून डेक्सा हलकी समजणारे बरेच भेटतात.

दुसरं घराणं जिमवाल्यांचं. टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन म्हणजे ज्याला पोरं डेका म्हणतात ते, स्टॅनोझोलोल, ऑक्सँड्रोलोन, डायनाबोल. ही पुरुषी हार्मोन्स आणि त्यांची बनावट भावंडं. ह्यांच्यावर खाली वेगळं लिहिलंय, कारण तिथला हिशोब कडक आहे.

पट्टी फाडून शेवटची गोळी घेऊन आलात तर नाव वाचता येत नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे तसेच येतात. पट्टीचा नावाचा भाग शेवटपर्यंत ठेवायचा, किंवा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा.

दुसरं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं: तारखा

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के कुठल्याही वेळी वाढत असतात, थोडे विश्रांतीत असतात. वाढीचा काळ २ ते ६ वर्षं, विश्रांतीचा साधारण ३ महिने, आणि विश्रांती संपली की केस गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं काही आजार नाही, कंगवा बघून हाय खायचं कारण नाही.

आता शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे जोराचा ताप, टायफॉइड, डेंग्यू, ऑपरेशन, बाळंतपण, एकदम कमी केलेलं जेवण, तर वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात. पण गळत नाहीत. ते गळतात २ ते ३ महिन्यांनी, विश्रांतीचा काळ संपल्यावर. ह्याला डॉक्टर टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. इथंच सगळा घोळ होतो, कारण माणूस आज केस गळताहेत म्हणून आजच्या गोळीकडे बघतो, आणि खरं कारण दोन-तीन महिने मागं पडलेलं असतं.

उदाहरण घ्या. समजा जुलैत खानापूरकडच्या पावसात कोणाला दम्याचा जोराचा झटका आला, ताप होता, चार रात्री झोप नाही, जेवण नाही, डॉक्टरांनी पाच दिवस मेड्रॉल दिली, बरं वाटलं. दिवाळीच्या आसपास न्हाणीघराच्या जाळीत केसांचा गोळा. घरातले म्हणणार स्टिरॉइडनं घात केला. पाच दिवसांच्या कोर्सनं असं होण्यापेक्षा तो ताप, ती उपासमार आणि आजारपणाचा ताण ह्यांनी होणं कितीतरी जास्त शक्य आहे. कोविडनंतर हेच घराघरात दिसलं. डेक्सामेथासोन मिळालेल्यांचेही केस गेले आणि एकही स्टिरॉइडची गोळी न घेता घरातच बरे झालेल्यांचेही गेले.

मग स्टिरॉइडचा काहीच दोष नाही का? आहे, तो लपवत नाही. महिनोन्महिने मोठा डोस चालला तर डोक्यावरचे केस विरळ होऊ शकतात, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी गालावर, कपाळावर, ओठावर बारीक लव वाढते. बायकांना ह्याचा जास्त त्रास होतो, किडनीसाठी प्रेडनिसोलोन चालू असलेल्या लहान मुलांच्या आयाही विचारतात. औषध कमी झालं की ही लव हळूहळू ओसरते. २०२१ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ताणाचं हार्मोन (माणसात तेच कॉर्टिसोल) वाढलं की केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींना जागं करणारा गॅस६ नावाचा संदेश दबतो आणि केस विश्रांतीतच पडून राहतात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण दिशा कळते.

तर कागद घ्या, नाहीतर भिंतीवरचं कालनिर्णय काढा, आणि मागच्या सहा महिन्यांतलं लिहा. मूळ आजार कधी वाढला, ताप कधी होता, स्टिरॉइड कुठल्या तारखेला कितीनं सुरू झालं, कधी किती कमी केलं, कधी बंद झालं, मध्ये दुसरं कुठलं औषध जोडलं, आणि केस जास्त गळताहेत हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं. शेवटच्या तारखेपासून दोन-तीन महिने मागं जा आणि तिथं काय लिहिलंय ते बघा. बऱ्याच वेळा उत्तर तिथंच सापडतं, डॉक्टरकडे जायच्या आधी.

तिसरं: गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही

हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. तीन आठवड्यांपेक्षा जास्त स्टिरॉइड चाललं असेल तर तुमच्या किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी आळशी होऊन बसलेल्या असतात, बाहेरून मिळतंय म्हटल्यावर त्या स्वतःचं कॉर्टिसोल करणं कमी करतात. एकदम बंद केलं तर शरीराकडे काहीच उरत नाही. हातपाय गळतात, उलट्या, पोटात दुखणं, चक्कर, बीपी एकदम खाली, आणि त्यात ताप किंवा ऑपरेशन आलं तर जिवावर बेततं. वर मूळ आजार उसळतो ते वेगळंच, आणि उसळलेला आजार पुन्हा केस घालवतो. म्हणजे केस वाचवायला गोळी बंद केली आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच कारणानं अजून केस गेले.

गोळी कमी करायची ती डॉक्टर सांगतील तशीच, पायरीपायरीनं. चिठ्ठीवर "दर आठवड्याला कमी करणे" एवढंच लिहिलेलं असलं तर तिथंच उभं राहून तारखा लिहून घ्या. कुठल्या तारखेपासून किती गोळ्या, स्पष्ट. आमच्या भागात तर डॉक्टर बोलतात एका भाषेत, चिठ्ठी दुसऱ्या भाषेत आणि घरी औषध देणारी सून तिसऱ्या भाषेत वाचणारी, त्यामुळे आकडे आणि तारखा सोडून कशावरच भरवसा ठेवू नका. गोळी सकाळी नाश्ता करून घ्यायची, रात्री घेतली की झोप उडते, आणि झोप उडाली की केसांची काळजी अजून वाढते.

चौथं: घरच्या घरी तपासणी

गळलेला केस उचला आणि टोक बघा. एका टोकाला पांढरा बारीक गाठीसारखा दाणा दिसला तर तो मुळातून, विश्रांती संपवून आलेला केस. दाणा नसेल, दोन्ही टोकं तुटकी असतील तर केस मधेच तुटतोय. म्हणजे कलर, स्ट्रेटनिंग, ओल्या केसांत कंगवा, ताणून बांधणं, खारट बोअरचं पाणी ह्यापैकी काहीतरी. शहरात राकसकोपचं आणि हिडकलचं पाणी येतं, आणि केस गळायला लागले की दोन्ही धरणांना शिव्या बसतात. पाण्यानं केस खरखरीत होतील, तुटतील. पण दाण्यासकट मुठी भरून येत असतील तर धरणाला सोडा आणि तारखांच्या कागदाकडे परत जा.

मग ओढून बघायची टेस्ट. एक दिवस डोकं धुतलेलं नसावं. पन्नास-साठ केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत मुळाशी धरायची आणि टोकापर्यंत हलक्या पण सलग ओढीनं सरकत जायचं. हातात पाच-सहापेक्षा जास्त आले तर गळती चालू आहे. डोक्याच्या चार-पाच जागी करा. केस उपटायचे नाहीत, काही लोक इतकं जोरात ओढतात की टेस्ट करूनच टक्कल पडेल.

तिसरं बघायचं ते गळतीचा नमुना, आणि इथं आरशापेक्षा मोबाईल बरा. एकाच उजेडात, एकाच जागी उभं राहून, महिन्यातून एकदा मधल्या भांगाचा, टाळूचा आणि कपाळाचा फोटो. रोज काढू नका, वेड लागतं. सगळीकडून सारखं विरळ होत असेल तर बहुतेक टेलोजेन एफ्लुव्हियम. कपाळाचे कोपरे मागं सरकताहेत किंवा भांग रुंद होतोय, केस बारीक होताहेत, तर घराण्यातलं टक्कल. रुपयाएवढा गुळगुळीत गोल, बाकी सगळं ठीक, तर चाई. आणि गोल जागेवर कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, तुटलेले खुंट, विशेषतः लहान मुलांत, तर तो डोक्यातला गजकर्ण, बुरशी. त्यावर स्टिरॉइडची ट्यूब लावली की ती अजून पसरते, हे लक्षात ठेवा. जागा चकचकीत, केसाची छिद्रंच दिसत नाहीत, आग होते, दुखतं, तर थांबू नका, त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरकडे, कारण व्रण होऊन गेलेले केस परत येत नाहीत.

पाचवं: दुसरे गुन्हेगार

स्टिरॉइड एकटं क्वचित येतं. सांधेवातात त्याच्या जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड असतं, ल्युपसमध्ये अझाथायोप्रिन, कधी सायक्लोफॉस्फामाइड. ह्या सगळ्यांनी केस जाऊ शकतात, आणि बऱ्याचदा स्टिरॉइडपेक्षा ह्यांच्यामुळेच जातात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट हेही यादीत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. चुकून रोज घेतलं तर केस तर जातातच, पण तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावतो. पट्टी हातात देताना मी वार विचारतो तो उगाच नाही.

आजार स्वतःही केस घालवतो. ल्युपसमध्ये केस जाणं हे आजाराचंच लक्षण आहे, आणि तिथं स्टिरॉइडनं आजार दबला की केस उलट परत येतात.

तपासण्या सांगतो, सगळ्या एकदम करायची गरज नाही, डॉक्टरांना विचारून. सीबीसी म्हणजे हिमोग्लोबिन वगैरे, फेरिटिन म्हणजे लोखंडाचा साठा, टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी, आणि बी१२, डी ही व्हिटॅमिन्स. स्टिरॉइड चालू आहे म्हणून साखर आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही केसांना कमी पडतंय असं बरेच डॉक्टर धरतात. आणि एक गोष्ट लॅबवाले विचारत नाहीत. बायोटिन ह्या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि लॅबमध्ये सांगा. बायोटिनची खरी कमतरता फार कमी लोकांत असते, पण जाहिरात बघून ते सगळ्यात जास्त मागतात, आणि मी विकतो म्हणून सांगतो, पैसे वाचवा.

सहावं: वाट बघायच्या काळात काय करायचं

टेलोजेन एफ्लुव्हियम असेल तर खरी ट्रीटमेंट म्हणजे कारण घालवणं आणि धीर. कारण गेल्यावर गळती ३ ते ६ महिन्यांत थांबते, आणि केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे डोकं पहिल्यासारखं दिसायला वर्ष जातं. कपाळावर बारीक उभे राहिलेले नवे केस दिसायला लागले की समजा गाडी वळली. मुळं मेलेली नसतात, त्यामुळे पूर्ण टक्कल ह्यानं पडत नाही.

टक्कल करून घेतलं की दाट येतात, तिरुपतीला केस देऊन आल्यावर दाट आले, हे खूप ऐकतो. श्रद्धेनं जरूर द्या. पण केस येणारच होते, आणि वस्तऱ्यानं कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं एवढंच.

खाण्याचं: स्टिरॉइडनं भूक वाढते आणि माणूस गोड-तळलेलं खात सुटतो. पण केसाला लागतं प्रोटीन. उसळ, डाळ, अंडी, मासे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, आपल्याकडे काही कमी नाही. मीठ कमी, म्हणजे पापड-लोणचं हात राखून, कारण चेहरा आणि पाय सुजतात. आणि कुंदा. बेळगावात राहून कुंदा खाऊ नका म्हणणं माझ्या जिवावर येतं, पण स्टिरॉइडवर साखर वाढते आणि मधुमेह असेल तर चांगलीच वाढते, तेव्हा चमचाभर, पाव किलो नाही.

डोकं धुवायचं थांबवू नका. धुताना जे गळतात ते आधीच सुटलेले असतात, न धुतल्यानं ते वाचत नाहीत, फक्त पुढच्या आंघोळीला एकदम दिसतात आणि छाती धडधडते. तेल लावायचं तर हलक्या हातानं लावा, रगडून चंपी नको.

मिनॉक्सिडिल, म्हणजे केस येण्यासाठी डोक्याला लावायचं औषध, लावायचं का, हे त्वचेच्या डॉक्टरला विचारून. घराण्यातल्या टकलावर त्याचा उपयोग होतो. पुरुषांना बहुधा ५ टक्के, बायकांना २ किंवा ५ टक्के. सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढते, हे कोणी सांगत नाही म्हणून लोक बाटली अर्धी टाकून देतात. फायदा दिसायला चार ते सहा महिने, आणि सोडलं की मिळवलेलं जातं. दिवस गेलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं लावायचं नाही.

चाई पडली असेल तर सगळं उलटं

इथं स्टिरॉइड हेच औषध. चाईत आपल्याच शरीराची संरक्षण व्यवस्था केसाच्या मुळावर चाल करून येते आणि स्टिरॉइड तिला आवरतं. लसूण चोळणं, कांदा चोळणं, कातडी लाल होईपर्यंत घासणं, ह्या गावाकडच्या उपायांनी कातडी भाजून आलेली माणसं बघितलीत. छोट्या डागात पुष्कळांचे केस वर्षभरात आपोआपही येतात, म्हणून लसणाला फुकटचं श्रेय मिळतं.

डॉक्टर काय करतात: डाग लहान असेल तर ट्रायमसिनोलोन ह्या स्टिरॉइडचं इंजेक्शन, बारीक सुईनं, डागात थोडं थोडं, साधारण ४ ते ६ आठवड्यांनी परत. डोक्यासाठी बहुधा प्रत्येक मिलिलिटरला २.५ ते १० मिलिग्रॅम अशी पातळ करून. दुखतं, खोटं कशाला बोलू, पण पाच मिनिटांचं काम. केस यायला महिना-दोन महिने, आणि पहिले केस बऱ्याचदा पांढरे येतात, घाबरू नका, नंतर काळे होतात. इंजेक्शनच्या जागी छोटा खड्डा पडू शकतो, बहुतेकदा भरून येतो. सहा महिने करूनही काही नाही तर पुढं रेटण्यात अर्थ नसतो. लहान मुलांना सुई नको म्हणून क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइडचं मलम किंवा लोशन देतात, ठरलेल्या दिवसांपुरतंच.

डोकं अर्ध्याहून जास्त गेलं असेल तर पोटातून स्टिरॉइड, कधी आठवड्यातून लागोपाठ दोनच दिवस बीटामेथासोन, अशी पद्धत आपल्याकडे चालते. येतात केस. पण थांबवल्यावर परत जाण्याचा धोका मोठा, आणि ह्या आशेवर वर्षानुवर्षं गोळी चालू ठेवली तर हाडं, डोळे, साखर सगळ्याचा हिशोब बसतो. अशा मोठ्या चाईसाठी अमेरिकेत २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब ह्या गोळीला मान्यता मिळाली, २०२३ मध्ये रिटलेसिटिनिबला. आपल्याकडे ह्याच जातीचं टोफासिटिनिब वापरणारे डॉक्टर आहेत. ह्या गोळ्यांच्या आधी टीबी आणि कावीळ ह्यांच्या तपासण्या लागतात, मेडिकलमध्ये मागून घ्यायचं औषध नव्हे.

जिमवाली पोरं, इकडं लक्ष द्या

आपला भाग तालमींचा. लाल मातीत घाम गाळणाऱ्या पैलवानाला दूध, बदाम, थंडाई आणि दोन वेळचा जोर-बैठका ठाऊक. आता गल्लोगल्ली जिम झाल्या आणि सहा महिन्यांत छाती पाहिजे म्हणणाऱ्या पोराला कोणीतरी "सायकल", म्हणजे ह्या जिमवाल्या स्टिरॉइडचा काही आठवड्यांचा कोर्स, मारायला सांगतो. वर्षभरात तोच येऊन टोपी काढतो, "डोकं रिकामं होऊलंय गा, काहीतरी दे."

काय होतं ते समजून घ्या. टेस्टोस्टेरॉनचं शरीरात ५-अल्फा रिडक्टेज ह्या एन्झाइममुळे डीएचटी होतं, आणि ज्याच्या केसांच्या मुळांना डीएचटी सोसत नाही त्याची मुळं लहान लहान होत जातात, केस बारीक, आखूड, मग नुसती लव. सोसतं की नाही हे घराण्यातून येतं. १९४२ मध्ये हॅमिल्टन ह्या अमेरिकन संशोधकानं हे दाखवलं. ज्या पुरुषांत वयात येण्याआधीपासूनच टेस्टोस्टेरॉन नव्हतं त्यांना टक्कल पडत नव्हतं, त्यांना ते हार्मोन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांना पडायला लागलं, बाकीच्यांना नाही. म्हणून वडील, काका, मामा, दोन्हीकडचे आजोबा ह्यांची डोकी आठवा. त्यात टक्कल असेल तर तुम्ही पंचवीस वर्षांत जायचे केस थोड्या काळात घालवायला निघालायत. आणि हे टेलोजेनसारखं परत येणारं नाही, बंद केल्यावर पुढची पडझड मंदावते, गेलेलं बहुतेक गेलंच.

मग पोरं म्हणतात टकलावरची फिनास्टेराइड गोळी खातो बरोबर, काम झालं. नाही झालं. फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होणं अडवतं, तेवढंच. स्टॅनोझोलोल, ऑक्सँड्रोलोन ही मुळातच डीएचटीच्या घराण्यातली, तिथं अडवायला काही नाही. नँड्रोलोनचं तर उलटं आहे, त्याच एन्झाइमनं ते सौम्य होतं, म्हणजे फिनास्टेराइडनं ते एन्झाइम बंद केलं तर केसांना जास्तच मार. शिवाय केस ही ह्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. वृषणं लहान होतात, शुक्राणू कमी होतात, छातीवर गाठी येतात, चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, हृदयावर ताण, गोळ्यांनी लिव्हरला त्रास. मुलींनी घेतलं तर आवाज जाड होतो आणि तो परत बारीक होत नाही.

घेऊन झालं असेल तर लपवू नका. एंडोक्रिनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, किंवा निदान एमडी मेडिसिनला सगळी नावं सांगा, टेस्टोस्टेरॉन, त्याला चालना देणारी एलएच, एफएसएच ही हार्मोन्स, लिव्हर, लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरे तपासून घ्या. डॉक्टर पोलीस नसतो. बाटलीवरचं लेबल खरं असेलच असंही नाही, आत काय होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पुडी आणि ट्यूब

गुडघेदुखीवर, दम्यावर बाजाराच्या दिवशी मिळणारी बिननावाची पुडी किंवा सुट्या गोळ्या, ज्यानं दोन दिवसांत माणूस पळायला लागतो, भूक सडकून लागते, महिन्याभरात चेहरा चंद्रासारखा गोल होतो, आणि पुडी संपली की दुप्पट दुखतं. त्यात स्टिरॉइड असण्याचा संशय घ्यायचाच. म्हातारी माणसं "मी कुठलं स्टिरॉइड घेत नाही" असं शपथेवर सांगतात आणि ते त्यांच्या परीनं खरंच असतं. अशी पुडी महिनोन्महिने चालली असेल तर तीही एकदम बंद करायची नाही. पुडीसकट डॉक्टरकडे जा, ते सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल तपासून ठरवतील.

ट्यूबचं म्हणाल तर २०१८ मध्ये सरकारनं बऱ्याच स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायची सूट काढून घेतली, तरी लोक नाव सांगून मागतात आणि दिली नाही की रागावतात. गोरं व्हायला, पिंपलवर, खाजेवर, सगळ्याला एकच ट्यूब. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली की कातडी पातळ, लाल रेषा, पुरळ आणि हनुवटीवर-गालावर केस. एका बाजूनं डोक्यावरचे केस कमी होताहेत म्हणून रडायचं आणि दुसऱ्या बाजूनं गालावर पिकवायचे.

कोणाकडे जायचं, काय न्यायचं

केसांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, म्हणजे डर्मेटॉलॉजिस्ट, पण स्टिरॉइड ज्यानं लिहिलंय त्याला आधी सांगा. बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्सला आणि नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलला त्वचेचा विभाग आहे, निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ. बरोबर तारखांचा कागद, सगळ्या पट्ट्या, आधीचे रिपोर्ट आणि महिन्याचे फोटो. तेल न लावता जा. विचारायचे प्रश्न: हे कुठल्या प्रकारचं गळणं आहे, परत येणारं आहे का, माझ्या आजाराला स्टिरॉइड कमी करता येईल का किंवा त्याऐवजी दुसरं काही आहे का, आणि आहे तर किती दिवसांत. जोडीचं औषध बदलता येईल का हेही विचारा, ते विचारायचं लोक विसरतात.

दात काढायचा असो की अपेंडिक्सचं ऑपरेशन, स्टिरॉइड चालू आहे किंवा वर्षभरात बरेच दिवस चालू होतं हे आधीच सांगा. पाकिटात चिठ्ठी ठेवा, नाव, डोस, सुरू केल्याची तारीख.

हेअर ट्रान्सप्लांटची घाई नको. हुबळी, कोल्हापूर, पुण्याच्या जाहिराती मोबाईलवर येतच राहतात, पण गळती चालू असताना, चाई जागी असताना किंवा स्टिरॉइडचा डोस वर-खाली होत असताना लावलेल्या केसांची खात्री कोणी प्रामाणिक माणूस देणार नाही. टेलोजेन एफ्लुव्हियममध्ये तर त्याची गरजच नसते. फोटोंत सहा महिने काही फरक दिसेनासा झाला, मूळ आजार शांत आहे आणि दोन वेगळ्या डॉक्टरांनी घराण्यातलं टक्कल आहे असं सांगितलं, तर मग किंमत विचारायला जा.